हळदीने सूज उतरते? पुरावा वाचताना आणि गोळ्या घेताना या चुका टाळा

‘हळद दाहशामक आहे, हे विज्ञानाने सिद्ध केलंय.’ गुडघेदुखीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. ते धड खोटं नाही आणि धड खरंही नाही. हळदीवरचं संशोधन तीन वेगळ्या वस्तूंवर झालं आहे: भाजीत पडते ती पूड, त्या पुडीतून वेगळं काढलेलं कर्क्युमिन, आणि शोषण वाढावं म्हणून मिरीचा अर्क किंवा मेद जोडून बनवलेल्या कॅप्सूल. एकीवरचा निष्कर्ष दुसरीच्या नावावर खपवला जातो. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथे आहे.

चमच्याचा हिशेब न करणे

एका सपाट छोट्या चमच्यात साधारण ३ ग्रॅम हळद बसते. पुडीतले पिवळे घटक, म्हणजे कर्क्युमिनॉइड्स, वजनाच्या २ ते ५ टक्के असतात. सरासरी ३ टक्के धरले तर चमचाभर हळदीत सुमारे ९० मिलिग्रॅम झाले. रात्रीच्या हळद-दुधात अर्धा चमचा पडतो, म्हणजे ४५ मिलिग्रॅम.

गुडघ्याच्या चाचण्यांत लोकांना रोज १००० ते १५०० मिलिग्रॅम अर्क दिला गेला. १००० मिलिग्रॅम कर्क्युमिनॉइड्स पुडीतून मिळवायचे तर रोज ३३ ग्रॅम, म्हणजे अकरा चमचे हळद खावी लागेल. सांगली, वायगाव आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि वायगावची हळद जास्त कर्क्युमिनसाठी ओळखली जाते. पण ६ टक्क्यांची हळद धरली तरी पाच-सहा चमचे होतातच. मानांकन हळद कुठली आणि कोणत्या गुणाची ते सांगतं, गुडघ्याबद्दल काही सांगत नाही.

हळद-दूध प्यायला हरकत नाही. त्याने झोप लागते, घशाला बरं वाटतं, आणि एवढं कारण पुरेसं आहे. फक्त कॅप्सूलच्या चाचणीचा निकाल त्या पेल्याला चिकटवू नका.

हीच गफलत बाटलीच्या लेबलवर होते. ‘हळद ५०० मि.ग्रॅ.’ असं लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये नुसती पूड असेल तर कर्क्युमिनॉइड्स जेमतेम १५ मिलिग्रॅम निघतात. ‘हळद अर्क ५०० मि.ग्रॅ., ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स’ असं लिहिलेलं असेल तर ४७५. दोन्ही बाटल्यांवर चित्र त्याच हळकुंडाचं असतं. म्हणून टक्केवारीचा आकडा शोधा. तो नसेल तर ती बाटली पूड समजा.

काचेच्या बशीतला परिणाम अंगात होईल असं मानणे

पेशींवरच्या प्रयोगांत कर्क्युमिन खरोखर छान काम करताना दिसतं. सुजेची जनुकं चालू करणारा एनएफ-कप्पा-बी हा प्रथिनांचा संच ते दाबतं, टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ या सूज वाढवणाऱ्या रसायनांची निर्मिती कमी करतं, कॉक्स-२ हे सुजेतलं विकर खाली आणतं. मात्र त्या प्रयोगांत पेशी ५ ते ५० मायक्रोमोल तीव्रतेच्या द्रावणात बुडवलेल्या असतात. १० मायक्रोमोल म्हणजे दर मिलिलिटरला सुमारे ३.७ मायक्रोग्रॅम.

आता रक्तात किती पोचतं ते बघा. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या १९९८ च्या प्रयोगात निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन एका वेळी दिलं. रक्तात ते सापडलंच नाही, किंवा सापडलं ते नाममात्र. मिरीतलं पायपरिन सोबत दिल्यावर दर मिलिलिटरला ०.१८ मायक्रोग्रॅमच्या आसपास गेलं, तेही तासाभरापुरतं. बशीतल्या तीव्रतेच्या हे विसाव्या भागाइतकं झालं. आतडं आणि यकृत मिळून कर्क्युमिनला लगोलग दुसरे रेणू जोडतात आणि बाहेरची वाट दाखवतात.

दुसरी अडचण रसायनाची. शरीराच्या तापमानाला, साध्या ७.२ सामू असलेल्या द्रावणात, रक्तद्रव घातला नसेल तर अर्ध्या तासात ९० टक्के कर्क्युमिन मोडून जातं. मग परिणाम कर्क्युमिनचा होता की त्याच्या तुकड्यांचा, हे सांगणं अवघड. शिवाय हा रेणू स्वतः रंगीत आणि प्रकाश सोडणारा, अनेक प्रथिनांना चिकटणारा आणि धातूंना धरून ठेवणारा. ज्या चाचण्या रंग किंवा चमक मोजून उत्तर देतात, त्यांना तो सहज फसवतो. औषधशोधाच्या क्षेत्रात अशा फसव्या रेणूंची यादीच असते आणि कर्क्युमिन त्यात आहे. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात याचा सविस्तर आढावा आला, तेव्हा या क्षेत्रात बरीच खळबळ उडाली.

याच क्षेत्रात एक डागही आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात काम केलेले भरत अग्रवाल हे कर्क्युमिनवर सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या संशोधकांपैकी एक. त्यांचे दोन डझनांहून अधिक शोधनिबंध नियतकालिकांनी मागे घेतले आहेत. तरीही त्यांचे संदर्भ जुन्या लेखांतून नव्या लेखांत आणि तिथून जाहिरातींत फिरत राहतात. ‘हजारो संशोधनांनी सिद्ध’ असं वाचलं की त्यातली माणसांवरची किती, एवढाच प्रश्न विचारा. आकडा भराभर खाली येतो.

‘२००० टक्के शोषण’ हे ऐकून भारावून जाणे

हा आकडा बंगळुरूच्या त्याच प्रयोगातला आहे, आणि खरा आहे. पण जवळपास शून्याची वीसपट किती होते ते वर आलंच. त्याच प्रयोगात उंदरांमध्ये वाढ १५४ टक्के होती, म्हणजे प्राण्यांवरून माणसाचा अंदाज बांधणंही कठीण.

दुसरं असं की तिथे २० मिलिग्रॅम शुद्ध पायपरिन दिलं होतं. मिरीत पायपरिन साधारण ५ टक्के असतं, म्हणजे तेवढ्यासाठी सात-आठ मिरे कुटून घालावे लागतील. दुधावर भुरभुरवलेल्या चिमूटभर मिरपुडीत तेवढं नसतं.

आणि पायपरिन फक्त कर्क्युमिनसाठी दार उघडत नाही. औषधं मोडणारी यकृतातली विकरं ते मंदावतं. फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल, थिओफायलिन या औषधांची रक्तातली पातळी पायपरिनने वाढल्याचं माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. फिट्सच्या किंवा दम्याच्या गोळ्या चालू असणाऱ्याने मिरी-अर्काची कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. स्वयंपाकातल्या मिरीची गोष्ट वेगळी, तिला घाबरू नका.

मेदाच्या किंवा अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बनवलेल्या कॅप्सूलमध्ये पायपरिन नसतं, पण तिथे वेगळा घोळ होतो. प्रत्येक कंपनीची घडण वेगळी, म्हणून एका घडणीवरची चाचणी दुसरीला लागू होत नाही. शिवाय ‘रक्तात इतक्या पट वाढ’ सांगताना काही जण मोकळं कर्क्युमिन मोजतात, काही जण यकृताने रेणू जोडून निकामी केलेलंही त्यात धरतात.

दुखणं कमी झालं म्हणजे सूज उतरली, असा अर्थ लावणे

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि चांगले जाणकारही ती करतात.

माणसांवरचा सर्वात भरवशाचा पुरावा गुडघ्याच्या झिजेचा आहे. बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयाच्या नेतृत्वाखाली ३६७ रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि दुसऱ्याला १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे नेहमीचं वेदनाशामक, चार आठवडे. दुखणं आणि हालचाल या मोजमापांत अर्क आयबुप्रोफेनपेक्षा कमी ठरला नाही, आणि पोटदुखीच्या तक्रारी अर्काच्या गटात कमी होत्या. निकाल चांगला आहे. पण तिथे नुसत्या पिठाच्या गोळीचा तिसरा गट नव्हता. गुडघ्याचं दुखणं आपोआपही कमी-जास्त होतं आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो बहुधा दुखणं ऐन भरात असताना. त्यामुळे त्यातला किती फरक औषधाचा, हे या चाचणीवरून वेगळं काढता येत नाही.

ती उणीव ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या चाचणीने भरून काढली. ती २०२० साली आली. गुडघ्यात दुखणं आणि तपासणीत दिसणारी पाणीदार सूज, दोन्ही असलेले ७० रुग्ण निवडले. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, बारा आठवडे. १०० मिलिमीटरच्या मोजपट्टीवर अर्काच्या गटाचं दुखणं ९ मिलिमीटरने जास्त कमी झालं. आणि एमआरआयवर मोजलेली सूज? दोन्ही गटांत फरक नाही.

हे थांबून वाचण्यासारखं आहे. ज्या सुजेसाठी औषध दिलं ती जागची हलली नाही, दुखणं मात्र थोडं कमी झालं. कदाचित कर्क्युमिन वेदनेवर दुसऱ्याच वाटेने काम करत असेल. तेव्हा ‘हळदीच्या अर्काने गुडघेदुखीत थोडा आराम पडू शकतो’ हे विधान पुराव्याला धरून आहे. ‘हळद गुडघ्यातली सूज काढते’ हे नाही.

आपल्याकडचे जुने प्रयोगही असेच जपून वाचावे लागतात. १९८० मध्ये आमवाताच्या १८ रुग्णांवर कर्क्युमिन रोज १२०० मिलिग्रॅम विरुद्ध फेनिलब्युटाझोन हे जुनं वेदनाशामक अशी दोन आठवड्यांची तुलना झाली. १९८६ मध्ये सातोस्कर आणि सहकाऱ्यांनी हर्निया-हायड्रोसीलच्या शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवर कर्क्युमिन तपासलं. त्या काळाच्या मानाने ही कामं मोलाची होती आणि पुढच्या सगळ्या संशोधनाची वाट त्यांनी दाखवली. पण अठरा रुग्ण आणि दोन आठवडे एवढ्यावर आमवाताचं औषध ठरत नाही. आमवातात मेथोट्रेक्सेट हे मूळ औषध बंद करून हळदीच्या गोळ्या धरणाऱ्यांचं दुखणं काही दिवस सुसह्य वाटेलही, पण सांध्याची हाडं आतून कुरतडली जाणं त्याने थांबत नाही.

एका आजाराचा पुरावा दुसऱ्याला लावणे

कर्क्युमिन शोषलं जात नाही, हा दोष एका ठिकाणी गुण ठरतो: मोठ्या आतड्यात. न शोषलेलं कर्क्युमिन तिथे थेट पोचतं. मोठ्या आतड्याच्या जखमांच्या आजारात, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज २ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावर सहा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के राहिलं. पोकळ गोळीच्या गटात ते २० टक्क्यांच्या वर होतं (जपान, २००६, ८९ रुग्ण). २०१५ च्या आणखी एका चाचणीत मेसालामिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या ५० रुग्णांपैकी अर्ध्यांना रोज ३ ग्रॅम दिलं. चार आठवड्यांत त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचा आजार शमला, पोकळ गोळीच्या गटात एकाचाही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये मात्र रोज फक्त ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा काही फरक दिसला नाही. औषध तेच, आजार तोच, मात्रा वेगळी आणि उत्तर उलटं. आणि लक्षात घ्या, जिथे गुण आला तिथे मूळ औषध सोडलेलं नव्हतं.

उलट टोकाचं उदाहरण कॅनडातलं. पोटातली महाधमनी फुगल्यावर करायच्या शस्त्रक्रियेच्या वेळी सूज आटोक्यात राहावी म्हणून ६०६ रुग्णांवर चाचणी झाली. चार दिवसांत आठ वेळा, दर वेळी २००० मिलिग्रॅम कर्क्युमिन. सुजेची मोजमापं बदलली नाहीत. मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाण मात्र कर्क्युमिनच्या गटात १७ टक्के आणि दुसऱ्यात १० टक्के निघालं. ‘घेऊन तर बघू, अपाय तर नाही ना’ म्हणणाऱ्यांनी ही चाचणी ध्यानात ठेवावी. शस्त्रक्रिया ठरली असेल तर या गोळ्या दोन आठवडे आधी थांबवा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसं सांगा.

परंपरा आणि पेटंट यांना पुरावा समजणे

१९९५ साली मिसिसिपी विद्यापीठातल्या दोन संशोधकांना जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या भारतीय वैज्ञानिक संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. मराठी माणसाला या लढ्याचा अभिमान वाटतो तो रास्तच. पण तिथे सिद्ध काय झालं? हा वापर नवा नाही, आपल्याकडे आधीपासून माहीत होता, एवढंच. हळदीने जखम भरते का, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच.

आयुर्वेदाचा हवालाही सरसकट दिला जातो. चरकसंहितेत हरिद्रा कुष्ठघ्न, विषघ्न आणि लेखनीय या गणांत (औषधांच्या गटांत) येते, म्हणजे त्वचारोग, विष आणि मेद खरवडण्याच्या संदर्भात. सूज उतरवणारा शोथहर गण वेगळा आहे आणि तो दशमुळांचा आहे. त्यात हळद नाही. नंतरच्या ग्रंथांत आणि घरोघरच्या लेपांत हळद सुजेवर येते हे खरं, पण ‘चरकांनीच सांगितलंय’ म्हणण्याआधी गण तरी बघावा.

सीआरपीच्या एका रिपोर्टवर भरवसा ठेवणे

सीआरपी हे शरीरातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन. ते सर्दी, दाढदुखी, रात्रीचं जागरण, एखादी जखम अशा कशानेही वर जातं आणि आपोआप खालीही येतं. वाढलेलं असताना गोळ्या सुरू केल्या आणि महिन्याने ते उतरलं, तर श्रेय गोळीला जातं. तुलना करायचीच असेल तर अंगात कसलाही संसर्ग नसताना दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजा, तीच प्रयोगशाळा ठेवा, आणि नंतरही दोनदा मोजा.

घेतोय, पण फरक पडत नाही

‘पी हळद अन् हो गोरी’ असं इथे होत नाही. चाचण्यांत चार ते बारा आठवडे लागले आहेत. त्याआधी निर्णय घेऊ नका, आणि बारा आठवड्यांनंतरही फरक नसेल तर पैसे घालवत बसू नका.

नीट पडताळून बघायचं तर असं करा. सुरू करण्याआधी दोन आठवडे रोज रात्री, ठरल्या वेळी, दुखण्याला ० ते १० मधला एक आकडा द्या आणि त्या दिवशी किती वेदनाशामक गोळ्या घेतल्या ते शेजारी लिहा. मग कॅप्सूल सुरू करा आणि तीच वही चालू ठेवा. या काळात नवा व्यायाम, नवी चप्पल, नवा पट्टा असलं काही सुरू करू नका, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही. आठ आठवड्यांनी दोन आठवडे कॅप्सूल बंद ठेवा. सरासरी दोन आकड्यांनी उतरली असेल आणि बंद केल्यावर परत चढली, तर तुमच्यापुरता गुण आहे असं म्हणता येईल. वेदनाशामकांची संख्या घटली असेल तर ती खूण आकड्यांपेक्षाही पक्की.

गुण येत नसेल तर आधी हे तपासा. कॅप्सूल रिकाम्या पोटी घेताय का? कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं, म्हणून ती तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्यावी. दिवसाची एकूण कर्क्युमिनॉइड मात्रा किती पडते? आणि मुळात निदान काय आहे? पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीत लालबुंद झाला असेल तर तो गाउट, म्हणजे युरिक आम्लाने होणारा सांध्याचा आजार, असू शकतो. सांधा गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर तो संसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सकाळी तासभर बोटं आखडलेली राहत असतील तर आमवाताची तपासणी करून घ्या.

घरचीच वस्तू म्हणून निर्धास्त राहणे

जेवणातल्या हळदीचं भय नको. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मान्य मर्यादा दर किलो वजनाला ३ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. आपल्या वरण-भाजीत ती सहसा ओलांडली जात नाही. अर्काची कॅप्सूल मात्र पहिल्याच दिवशी ओलांडते.

यकृताचा प्रश्न खरा आहे. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या गोळ्यांनंतर काविळीच्या घटना पुढे आल्या आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने इशारा दिला. अमेरिकेतल्या यकृत-इजेच्या नोंदवहीतल्या दहा रुग्णांच्या अभ्यासात पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि एकाचा मृत्यू झाला. दहांपैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकीय प्रकार सापडला, म्हणजे हा धोका सगळ्यांना सारखा नाही. पण तो आपल्यात आहे की नाही हे कोणालाच आधी माहीत नसतं.

पित्ताशयात खडे असतील तर कॅप्सूल टाळा. कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं आणि खडा नळीत अडकू शकतो. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी हळदीची पूड चमच्या-चमच्याने खाऊ नये, कारण तिच्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

पुडीची मात्रा वाढवण्यात आणखी एक मेख आहे. हळकुंड पिवळंधमक दिसावं म्हणून काही ठिकाणी पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळा रंग वापरतात. दक्षिण आशियातल्या २३ शहरांतल्या नमुन्यांच्या २०२४ च्या अभ्यासात सुमारे १४ टक्के नमुन्यांत ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं आढळलं. पाटणा, कराची आणि पेशावरमधले काही नमुने १००० च्या वर गेले. आपल्याकडची कायदेशीर मर्यादा १० आहे. पाण्यात हळद टाकून रंग बघण्याची घरगुती चाचणी इथे उपयोगी नाही, कारण लेड क्रोमेट पाण्यात विरघळतच नाही. पॉलिश न केलेली, मळकट दिसणारी हळकुंडं घेऊन दळून आणणं बरं.

कॅप्सूल घेताना लघवी गडद होऊ लागली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर त्याच दिवशी थांबवा आणि यकृताची तपासणी करून घ्या. ‘हळदीने थोडं पिवळं होणारच’ असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. आणि डॉक्टरकडे जाताना बाटली बरोबर न्या, लेबल आणि बॅच क्रमांकासकट. नुसतं ‘काहीतरी आयुर्वेदिक घेत होतो’ यावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही.